मोनिकाचा मोर

रिकामी भिंत बघितली की मला अजून राग येतो. लोक म्हणत्यात, पार्वतीबाईचं डोकं फिरलंय, भिंतीवर कोण रागावतं का? रागावते मी. मांडवगणात माझं बांगड्यांचं दुकान हाय. बाया दिवसभर माझ्यापुढं हात करून बसत्यात, आन् हात माझ्या मुठीत असला की तोंड आपोआप सुटतं त्यांचं. त्यामुळं ह्या गावातलं मला बरंच ठाऊक हाय. आन् आबाच्या प्रतिभाचं म्हणाल तर ते ऐकलेलं न्हाई, डोळ्यांनी बघितलेलं हाय.

आबा जातीचा धनगर. त्याचा बाप मेंढरं घेऊन पार कोकणापर्यंत हिंडलेला. आबानं मेंढरं विकली, नदीकडंला रान घेतलं, ऊस केला आन् गावात विटांचं घर बांधलं. त्या घराण्यात भिंत आली ती आबाच्या टायमाला. त्याची बायको अनसाबाई मला सांगायची, "बाई, माझी सासू झाडाखाली बाळंत झाली. आन् मी भिंतीला पाठ टेकून बसतीया, मलाच नवल वाटतंय." भिंत तर झाली, पण तिचं करायचं काय हे कुणाला कळत नव्हतं. आबानं एक खिळा ठोकला, त्याला घोंगडं अडकवलं, आन् त्याच्या मते घर सजलं.

प्रतिभाला कळत होतं. थोरली पोर. सावळी, उंच, बोलायला अगदी कमी. शाळा सातवीपर्यंत झाली आन् मग ती माझ्या दुकानात यायला लागली. बांगड्या घ्यायला न्हाई. मी पुण्याहून माल आणायचे, त्यात वाटेत फुटलेल्या बांगड्या असायच्या, त्या मागायला. "काकू, फेकू नका, मला द्या." शिरूरला काच कापणारा होता, त्याच्याकडं आरशाच्या कडा उरायच्या. मी बाजाराला गेले की त्या तिच्यासाठी गोणपाटात गुंडाळून आणायचे. लोकर तर धनगराच्या घरात काय कमी! पोरगी ती लोकर रंगवायची, चहाच्या खोक्याच्या फळीला कापड ताणून लावायची आन् त्यावर वेली, पोपट, कलश असलं काय काय उठवायची. पानापानात आरसा. सकाळी दारातनं ऊन आत आलं की सगळ्या आढ्याला उजेडाचे ठिपके पडायचे. आबासुद्धा तंबाखू मळता मळता वर बघत बसायचा. म्हणायचा, "हिच्या मायला, मेंढरामागं हिंडताना आभाळ फुकट होतं, आता पोरीनं घरात आणलं."

आता आमच्याकडची रीत सांगते, त्याशिवाय पुढचं ध्यानात यायचं न्हाई. मुलगी बघायला पाहुणे आले की आधी चहा, मग मुलगी, मग भिंत. मुलीची आई पदर सावरून म्हणणार, "हे सगळं आमच्या पोरीनंच केलंय हं." पाहुण्या बाया उठून जवळून बघणार, बोट लावून बघणार. आन् लग्न ठरलं की भिंतीवर दाखवलेलं सगळं रुखवतात मांडायचं आन् नवरीबरोबर सासरी पाठवायचं. दाखवलं एक आन् दिलं एक असं चालत न्हाई, लगेच सासरचे बोट दाखवत्यात. आता ज्या पोरीला दाभणात दोरा ओवता येत न्हाई तिनं काय करायचं? तिनं प्रतिभाकडं यायचं. "ताई, दोन दिवसापुरतं दे." दोन दिवसापुरतं गेलेलं रुखवतात बसून कायमचं जायचं. प्रतिभाची भिंत भरायची आन् रिकामी व्हायची. खिळे तेवढे राहायचे.

मी बोलायचे अनसाबाईला. म्हणायचे, "अगं, पोरीसाठी काही ठेवशील का न्हाई?" तर ती हसायची. "करंल की परत. तिला काय काम हाय दुसरं?"

ह्या सगळ्यात प्रतिभानं एक वस्तू कुणाला द्यायची न्हाई म्हणून बाजूला ठेवली होती. मोर. अख्खा पावसाळा ती त्याच्यावर बसली होती. पिसाऱ्याच्या डोळ्याडोळ्यात गोल आरसा, अंगाला निळी लोकर, आन् मानेला माझ्या दुकानातल्या हिरव्या बांगड्यांचे तुकडे, एकाला एक चिकटवून असे बसवले होते की मान हलतीय असं वाटावं. तो तुकडा न् तुकडा मी माझ्या हातानं निवडून दिलेला. मला म्हणाली होती, "काकू, हा माझ्या घरच्या भिंतीला लावणार." माझ्या घरच्या. एवढीच एक गोष्ट त्या पोरीनं जल्मात मागितली असंल, आपली एक भिंत आन् त्यावर आपल्या हातचं काम.

तर तिची चुलत बहीण मोनिका. धाकट्या चुलत्याची, भिमाजीची लेक. गोरीगोमटी, गोडबोली, सगळ्यांची लाडकी. वाईट नव्हती हो, उगाच मेलेल्या माणसाला नावं ठेवणार न्हाई मी. पण हातात काही म्हंजी काही नव्हतं. तिला बघायला पाटसहून पाहुणे येणार होते. मुलगा बिरदेव, साखर कारखान्यात कामाला, आन् त्याची आई साळूबाई. ह्या साळूबाईचं नाव चार गावांत. नाकावर माशी बसू द्यायची न्हाई. थोरल्या सुनेच्या माहेरच्यांनी लग्नात काहीतरी लपवलं म्हणून ह्या बाईनं त्या पोरीला भरल्या संसारातनं उचलून माहेरच्या दारात आणून सोडली होती. ती तिथंच राहिली, परत नेली न्हाई.

भिमाजीची बायको आली आन् मोरच मागितला. प्रतिभा पहिल्यांदा न्हाई म्हणाली. जल्मात पहिल्यांदा. तर अनसाबाई अंगावर आली तिच्या. "बहीण हाय का वैरीण? तिचं जमलं की तुझंच जमंल. एक मोर दिला तर मरतीस का?" आन् मोनिका तिच्या गळ्यात पडून रडली. मग काय, प्रतिभानं मोर दिला. दिला म्हंजी स्वतः सायकलला बांधून नेला, स्वतः खिळा ठोकला आन् स्वतः लावून आली. पाहुणे यायच्या आधी मागच्या दारानं घरी.

साळूबाई त्या मोराखाली उभी राहिली. मुलीकडं तिनं नीट बघितलंसुद्धा न्हाई म्हणत्यात. "एवढा धीर ज्या हातात हाय," म्हणाली, "त्या हातात माझं घर द्यायला हरकत न्हाई." जागेवर होकार. मोर गेला पाटसला. साळूबाईनं तो दारासमोरच्या भिंतीला लावला आन् येईल त्याला दाखवायला सुरुवात केली. माझ्या सुनेनं केला, माझ्या मोनिकानं केला. मोनिकाला म्हणाली, अजून एक कर. मोनिकाचे डोळे चुरचुरायला लागले. मग साळूबाई म्हणाली, आता कर, तर मोनिकाला दिवस गेले. नशीब बलवत्तर होतं तिचं त्या बाबतीत.

आन् आता ऐका. प्रतिभाला स्थळ आलं. दौंडचं. मुलगा रेल्वेत, क्वार्टर मिळालेलं. पोरगी माझ्या दुकानात आली, इकडंतिकडं बघितलं आन् मला हळूच विचारलं, "काकू, क्वार्टरच्या भिंती पांढऱ्या असत्यात ना?" मी म्हणाले, "असत्यात गं, सरकारी चुना." हसली. तिला हसताना मी किती वर्षांनी बघत होते. मी तिच्या हातात माझ्या आवडीच्या बांगड्या भरल्या, कशालाच न्हाई म्हणू दिलं न्हाई तिला.

पण ते स्थळ आणलं कुणी? साळूबाईनं. मुलगा तिच्या भावाचा. म्हंजी बघायच्या दिवशी साळूबाई बरोबर येणार, सुनेला घेऊन येणार. हे कळल्यावर अनसाबाईनं आधी भिंतीकडं बघितलं. भिंतीवर प्रतिभाच्या हातचं राहिलेलं काही होतं, एक वेल, एक कलश, दोन पोपट. ते साळूबाईनं बघितलं की हात ओळखायला तिला किती वेळ लागणार? मोर रोज डोळ्यांसमोर हाय तिच्या. मग मोनिकाचं काय होईल, ते सगळ्यांना ठाऊक होतं. पोटुशी पोर माहेरी येऊन बसली असती.

म्हणून आई-बापानं मिळून भिंत उतरवली. स्वतःच्या पोरीला बघायला पाहुणे येणार म्हणून लोक भिंत सजवत्यात, ह्यांनी उतरवली! वेल, कलश, पोपट, सगळं गोणपाटात बांधून कणगीमागं टाकलं. खिळ्यांची भोकं दिसू नयेत म्हणून आबानं एका भोकावर दिनदर्शिका अडकवली. मी पोहे करायला म्हणून गेले तर ती भुंडी भिंत. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. म्हणाले, "आबा, डोकं ठिकाणावर हाय का?" आबा म्हणाला, "पार्वतीबाई, भावाच्या पोरीचा संसार हाय. प्रतिभाला काय, दुसरं स्थळ येईल." प्रतिभा चुलीपुढं बसून खाली बघत होती.

पाहुणे आले. मुलगा चांगला होता, खोटं कशाला बोलू. शांत, डोळ्यांत लाज असलेला. त्याला पोरगी आवडली होती, मी स्वयंपाकघराच्या दारातनं बघत होते ना. चहा झाला, मुलगी बघून झाली. मग मुलाच्या आईनं मान वर केली आन् भिंतीकडं बघितलं. दिनदर्शिका. तिनं विचारलं, "मुलीच्या हातचं काही दिसत न्हाई?"

अनसाबाई म्हणाली, "शेतात असती ती. वेळ मिळत न्हाई."

साळूबाईनं लगेच पुढं सरकून सांगितलं, "घराण्यात कला हाय हो. आमच्या मोनिकानं केलेला मोर बघितलाय न्हवं तुम्ही? हिची चुलत बहीणच ती. पण पाची बोटं सारखी नसत्यात." आन् सुनेच्या पाठीवरनं हात फिरवला. मुलाची आई म्हणाली, "आम्हाला मोनिकासारखी पाहिजे होती बघा. तो मोर बघूनच आम्ही ह्या घरात आलो."

झालं. माझ्या हातातली ताटली मी आपटली आन् बाहेर आले. कोण काय म्हणंल ते म्हणो. "अहो," म्हणाले, "तो मोर हिनं केलाय! ह्या पोरीनं! त्याच्या मानेला हायत ते हिरवे तुकडे माझ्या दुकानातल्या बांगड्यांचे हायत, माझ्या हातानं दिलेत मी. मोनिकाला सुई धरता येत असंल तर विचारा तिला!"

मोनिकाच्या तोंडावर रक्ताचा थेंब राहिला न्हाई. पदर पोटावर गच्च धरून बसली ती. साळूबाईनं आधी माझ्याकडं बघितलं, मग सुनेकडं, आन् मग प्रतिभाकडं. "काय गं पोरी," म्हणाली, "ही बाई म्हणती ते खरं हाय?"

आता बोल, मी मनात म्हणत होते. बोल गं माझे बाई. तुझी भिंत हाय पुढं, पांढरीशुभ्र. एक शब्द बोल.

प्रतिभानं मोनिकाच्या पोटाकडं बघितलं. मग खाली बघून म्हणाली, "न्हाई. मोर मोनिकानंच केलाय. काकूंचा माझ्यावर जीव हाय म्हणून बोलत्यात. मला त्यातलं काही येत न्हाई."

पाहुण्यांनी पोहे अर्धे टाकले आन् उठले. निरोप दुसऱ्याच दिवशी आला. मुलगी बरी हाय, पण अंगात कला न्हाई, आन् शेजारपाजारचे तिच्यासाठी खोटं बोलत्यात, असलं घर आम्हाला नको. खोटं बोलणारी मी! आबाच्या दारात मी त्यानंतर कितीतरी महिने पाय ठेवला न्हाई. प्रतिभावर तर इतकी चिडले होते की ती दुकानात आली तरी मी दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलत बसायचे. शेवटी एकदा न राहवून मी तिला म्हणाले, "काय मिळवलंस?" तर म्हणाली, "काकू, तिच्या पोटात लेकरू होतं." असल्या पोरीपुढं माणसानं डोकं आपटावं का काय करावं!

ते स्थळ गेलं आन् दुसरी बी गेली. साळूबाईची सोयरीक सगळीकडं, तिनं एकदा म्हटलं की त्या पोरीला काही येत न्हाई, ते तसंच पुढं चालत राहिलं. रुखवतासाठी यायच्या त्या पोरी बी कमी झाल्या. दुकानात तयार माल यायला लागला, प्लास्टिकची फुलं, धबधब्याचे फोटो, दिवा लावला की पाणी वाहतंय असं दिसणारे. प्रतिभाच्या भावाचं लग्न झालं, भावजयीनं तसला धबधबा आणून भिंतीला लावला. प्रतिभा उसाला पाणी धरायची, गुरांचं बघायची. तिशी जवळ आली. कणगीमागचं गोणपाट उंदरांनी कुरतडलं.

मग मोनिका गेली. कावीळ झाली, आधी गावठी औषध केलं, मग दौंडच्या दवाखान्यात नेली, तोवर उशीर झाला होता. मागं पोरगी, छकुली, नुकती शाळेत जायला लागलेली. वर्ष झालं न्हाई तर साळूबाईचा निरोप आला आबाकडं. लेकराला आपलंच माणूस पाहिजे, मावशीसारखी माया कोण करणार, प्रतिभाला द्या. जिला काही येत न्हाई म्हणून ह्याच बाईनं गावोगाव सांगितलं, तीच आता चालत होती. का, तर पोर सांभाळायला आन् भाकरी थापायला कला लागत न्हाई.

मी आबाला म्हणाले, "नको देऊ." आबा म्हणाला, "मग तू सांभाळशील तिला जल्मभर?"

पण प्रतिभा तयार होती हो. लग्नाआधी ती दुकानात आली आन् इतक्या वर्षांनी तिनं पहिल्यांदा आरसे मागितले. लोकर मागितली. "घर चांगलं मोठं हाय काकू," म्हणाली. "मोर समोरच्या भिंतीला हाय. मागच्या खोलीची भिंत सगळी मोकळी हाय. छकुलीसाठी काहीतरी करीन, हरणं करीन." तिच्या डोळ्यांत ते जुनं काहीतरी परत दिसलं मला. मी दुकानातलं असंल नसंल ते बांधून दिलं, टिकल्या, मणी, गोल आरसे, रंगीत लोकरीचे गुंडे.

बिजवराचं लग्न. देवळात हार घातले, जेवणं झाली, टेम्पो निघाला. अशा लग्नात रुखवत कोण मांडतंय? जिच्या हातानं अख्ख्या गावाच्या लेकींची टेबलं सजली तिच्या लग्नात साधी सुपारीची बाहुलीसुद्धा मांडली न्हाई कुणी.

पुढं गौरीच्या आसपास मी पाटसला गेले. एका गिऱ्हाइकाच्या घरी बांगड्या भरायच्या होत्या, म्हटलं पोरीचं घर बघून यावं. दारातनं आत पाय टाकला तर समोर मोर. जवळजवळ तसाच. निळी लोकर थोडी विटलेली, पण मानेचे माझे हिरवे तुकडे लखलखीत. त्याच्या बाजूला मोनिकाचा फोटो, चंदनाचा हार घातलेला. मागची खोली मी मुद्दाम डोकावून बघितली. भिंत भुंडी. माझं गाठोडं फडताळाच्या वर, बांधलं तसंच.

साळूबाई म्हातारी झालेली, पण जीभ जागेवर होती. माझी नजर तिनं ओळखली. "मीच नको म्हटलं," म्हणाली. "मोनिकाच्या हातचं हाय ते पुरे. हिनं काहीतरी वेडंवाकडं करून लावायचं, आन् पोरीला वाटायचं आईचं काढून हिचं लावलं. कशाला?"

मी तोंड उघडलं. आता कुणाचा संसार मोडणार होता? मोनिका मेली, बिरदेव कारखान्यावर गेलेला, म्हातारीला खरं ऐकवायला मला आता कोण अडवणार होतं? सगळं ओठांवर आलं होतं माझ्या. तेवढ्यात छकुली शाळेतनं आली. दप्तर टाकलं आन् माझा हात धरून मला ओढत मोरापुढं नेलं.

"आजी, हा माझ्या आईनं केलाय," म्हणाली. "रोज शाळेत जाताना मी ह्याच्या मानेला हात लावून जाती. आईचा हात लागलाय ना इथं." आन् तिनं त्या हिरव्या तुकड्यांवरनं बोट फिरवलं, अगदी हळू. मग खिशातनं पावडरची रिकामी डबी काढली. आत एक गोल आरसा. "हा पिसाऱ्यातनं पडला. तुमचं दुकान हाय ना, तुम्हाला बसवता येतो का?"

मी म्हणाले, "बाळा, तुझ्या ह्या आईला दे की. ती बसवंल, नीट बसवंल."

पोरगी हसली. लेकराला काय कळतंय. "हिला कुठं येतंय! माझी आजी म्हणती हिला काहीच येत न्हाई."

प्रतिभा चहा घेऊन दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. मी तिच्याकडं बघितलं, एकदा तरी सांग म्हणून बघितलं. ती मोराकडं बघत होती, पिसाऱ्यात जिथं आरसा पडून भोक राहिलं होतं तिथं. मग तिनं पोरीच्या डोक्यावरनं हात फिरवला.

"व्हय गं," म्हणाली. "मला न्हाई येत. तुझ्या आईसारखं कुणालाच येणार न्हाई."

छकुलीनं आरसा परत डबीत ठेवला आन् डबी खिशात टाकली. प्रतिभा माझ्याकडं वळली. "काकू, चहा घ्या," म्हणाली, "निवतोय."